भावकाटा

या, अशा पुढे या. तिकडे खांबाला टेकून बसलात तर निम्मं कानावर येईल आणि निम्मं वाऱ्यावर जाईल. सतरंजी ऐसपैस आहे. जरा सरकून घ्या, त्या आजींना पाय लांब करू द्या. गोष्ट एका कीर्तनकार बाईची आहे. फार जुनी नाही, यातली बरीचशी माणसं अजून हिंडती-फिरती आहेत. गोष्टीत देव आहे, एक यंत्र आहे आणि एक पोर आहे. देवाचं तुम्हाला मी काय सांगणार? यंत्राचं थोडक्यात उरकतो. पोराचं मात्र नीट कान देऊन ऐका.

देवरुखच्या अलीकडे कातळवाडी म्हणून गाव आहे. तिथल्या केशवाच्या देवळात कार्तिकात उत्सव असतो. आरत्या, देवळाभोवती गात फिरायच्या भोवत्या, आणि रोज संध्याकाळी कीर्तन. रेवती आठल्ये त्या गादीवर उभी राहायची. नारदाची गादी ती. एकदा पाऊल ठेवलं की आरती होईपर्यंत खाली उतरायचं नाही, कुणापुढे वाकायचं नाही. वाकायचं ते समोरच्यांनी. पेटीवर तिचा नवरा श्रीरंग. दोघांचा संसार असा, की तिने श्वास घेतला की याचा भाता उघडायचा.

त्या सुमारास गावोगाव यंत्राची कीर्तनं सुरू झाली होती. देवासमोर एक डबा ठेवायचा, कुठलं आख्यान हवं ते सांगायचं, की आतून आवाज यायचा. सूर चुकत नाही, ठसका लागत नाही, आणि कीर्तनकाराला उतरायला खोली द्यायचीही कटकट नाही. लोक आधी भुलले आणि मग विटले. देवस्थानचे अध्यक्ष दामूअण्णा लिमये म्हणायचे, "साखरेऐवजी ती गोळी टाकलेला चहा हो हा. गोड आहे, पण प्यायल्यावर तोंड पुसावंसं वाटतं."

मग सगळ्यांना माणूस हवा झाला. नुसता माणूस नव्हे, पोटातून बोलणारा माणूस. आणि तो ओळखायचा कसा? आपली अक्कल बघा, तो ओळखायलाही यंत्रच आणलं.

त्यामागचं शास्त्र असं. मेंदूतून एक लांब नस निघते. जाता जाता ती घशाकडे एक फाटा सोडते आणि खाली काळजापर्यंत उतरते. माणसाला खरोखरच भरून आलं, की त्या नसेच्या जोरावर छातीचे ठोके, श्वास आणि गळ्याची थरथर एका दोऱ्यात ओवल्यासारखी चालतात. खोटं रडणाऱ्याचा गळा थरथरतो, पण काळीज आपलं आपल्या चालीने ठोके टाकत असतं. नखाएवढी एक चकती गळ्यावर चिकटवायची. ती हा मेळ मोजते. खांबावर दिव्यांची उभी पट्टी लावायची. मेळ जितका खरा, तितके दिवे वर चढतात. कंपनीने त्याला भलंमोठं नाव दिलं होतं. लोक म्हणायचे भावकाटा, पुढे पुढे नुसता काटा.

कातळवाडीला काटा आला त्या संध्याकाळी रेवतीने तुळशीच्या माळेखाली चकती लावली आणि वनवासाला निघालेल्या राजपुत्राचं आख्यान लावलं. तिचा हातखंडा प्रसंग. आई दारात उभी, रथ दिसेनासा होतो, आणि तिथे रेवतीचा असा काही हुंदका फुटायचा की बायका पदर तोंडाला लावायच्या. त्या दिवशीही हुंदका फुटला. पण पदर वर गेले नाहीत. सगळ्या माना खांबाकडे वळल्या होत्या. दिवे गुडघाभर उंचीवर अडकून बसले होते.

मागून कुणीतरी कुजबुजलं, कुजबुजलं म्हणजे चांगलं सगळ्यांना ऐकू येईलसं, "पंप जोरात चाललाय, पण विहिरीत पाणी नाही."

घरी आल्यावर श्रीरंग चिडला. "ह्या डबड्याला काय कळतंय कीर्तनातलं?"

रेवती केसांतला गजरा सोडत होती. "कळतंय," ती म्हणाली. "मला आधीपासून माहीत होतं, श्रीरंग. तो हुंदका कुठे घ्यायचा, ते ठरलेलं आहे. तूही तिथे बरोबर पेटी थांबवतोस. म्हणजे ठरलेलंच ना?"

"मग काय रोज नव्याने रडायचं?"

"माई काय म्हणायच्या? सोंग आणायचं असेल तर नाटकात जा. गादीवर उभं राहायचं तर पोटातलं काढून द्यावं लागतं." माई म्हणजे तिच्या गुरू. "इतकी वर्षं मी देवाला शिळं वाढत आले रे."

बघा, बाई अशी होती. दुसऱ्या कुणी यंत्राला शिव्या घातल्या असत्या. हिने स्वतःला घातल्या.

आता पोराचं सांगतो. रेवती-श्रीरंगचा एकुलता एक मुलगा कैवल्य. घरात कैवू. मेंदूत चढलेल्या तापाने तो सहाव्या वर्षी गेला. त्यानंतर रेवतीने एक आख्यान कायमचं बाजूला ठेवलं होतं, ते उखळाचं. तुम्ही ऐकलेलं आहे. देव अतिथी होऊन दारात येतो आणि जेवायला पोटचं पोर मागतो. आई लेकराला उखळात घालते. आणि अट अशी की डोळ्यांतून टिपूस गळता कामा नये. पान वाढल्यावर अतिथी म्हणतो, ज्या घरात मूल नाही तिथे मी जेवत नाही, तुझ्या बाळाला हाक मार. आई बिचारी दारात जाते, हाक मारते, आणि बाळ धावत येतं.

उत्सवाच्या शेवटच्या संध्याकाळी रेवतीने तेच आख्यान लावलं. श्रीरंगला आधी सांगितलं नव्हतं. हाकेची जागा आली. ती दारात आल्यासारखी एक पाऊल पुढे सरली, कपाळावर आडवा हात धरला आणि ओरडली, "बाळा, ये रे!"

आणि कैवू आला. तिच्या डोळ्यांपुढे, ओल्या पायांनी, खळ्यातल्या, म्हणजे घरापुढच्या अंगणातल्या, सारवणावर ठसे उमटवत आला. खांबावरचे दिवे सरसर वर चढले. मांडवात माणसं हमसून रडली. श्रीरंगचा हात भात्यावरून घसरला, पेटी मध्येच मुकी झाली, पण ते कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

परतताना श्रीरंगने गाडी गावाबाहेर काढली. मग म्हणाला, "तू त्याला आणलंस."

"आणला नाही. हाक मारली, आणि आला."

"पुन्हा नको, रेवती."

"देवाच्या दारात आला. भलतीकडे नाही कुठे."

"तुला रडायलाच हवं ना? मग दुसरं काही आठव. मला आठव. मी मेलोय असं समज."

"करून पाहिलं," ती म्हणाली. "तुझ्यावर काटा हलत नाही रे."

दोघंही हसले. हसता हसता श्रीरंगने गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

पुढे रेवतीचं नाव गाजलं. कोल्हापूर, नाशिक, पार इंदूरपर्यंत बोलावणी. आख्यान कुठलंही असो, तिला ठरावीक जागी पोटातून काढून द्यावंच लागायचं, आणि पोटात एकच गोष्ट होती. रानात हरवलेल्या राणीसाठी कैवूचा ताप. भक्ताच्या छळासाठी कैवूला टोचलेल्या सुया. देवाच्या दर्शनासाठी कैवूचं पहिलं पाऊल. ती काय काढते आहे ते श्रीरंगला तिच्या मानेवरून कळायचं. तो पेटी वाजवत राहायचा आणि मनात म्हणायचा, आज दुधाचा दात गेला. आज बारशाचा दिवस गेला.

मध्यंतरी चकती सुधारली. नव्या चकतीत एक सोय होती, कंपनी तिला 'दाद' म्हणायची. भाव खरा लागला की चकती त्याच नसेला विजेचा एक हलकासा टोला द्यायची. दुखायचं नाही. उलट, कुणी पाठीवर हात फिरवल्यासारखं वाटायचं. त्यामुळे कलावंताला ती वाट पुन्हा सापडते, असं म्हणायचे. रेवतीला ती खरंच सापडू लागली. पहिल्या अभंगालाच दिवे वर चढायचे.

मग कैवूच्या श्राद्धाचा दिवस आला. पानं उठली होती, गुरुजी निघून गेले होते. दोघं ओटीवर बसली होती. रेवती म्हणाली, "किती माणसं जमली होती ना त्याच्या खाटेभोवती?"

"कुठली माणसं?"

"अरे, रांगाच्या रांगा. आणि तो दिवा, थेट डोळ्यांवर येणारा."

श्रीरंगने तिच्याकडे बघितलं. "रेवती, त्या खोलीत आपण दोघंच होतो. दिवा तूच विझवायला लावला होतास, त्याच्या डोळ्यांना त्रास होतो म्हणून."

"हो का?" ती म्हणाली. "मग टाळ्या..." आणि तिने तोंडावर हात ठेवला.

पुण्याला मेंदूच्या डॉक्टर होत्या, ईशिता भोळे. वयाने लहान, बोलायला फटकळ, पण आजोबांच्या मांडीवर बसून कीर्तनं ऐकलेली मुलगी. तिने तपासण्या केल्या, मग खुर्ची ओढून रेवतीच्या समोर बसली.

"ताई, आठवण म्हणजे कपाटात ठेवलेला फोटो नाही. ती मातीची असते. दर वेळी बाहेर काढली की ओली होते, मऊ पडते, आणि आत ठेवताना भोवती जे काही असेल त्याचा ठसा घेऊन पुन्हा वाळते. हे तुमचं, माझं, सगळ्यांचंच होतं, पण अगदी हळूहळू. तुम्ही काय करताय? ती भर मांडवात काढताय, आणि ऐन मऊ असताना नसेला टोला देताय. त्या टोल्याने मेंदूला वाटतं, हे महत्त्वाचं आहे, पक्कं करा. मग तो काय पक्कं करतो? समोर जे असेल ते. मांडव, दिवे, माणसं, टाळ्या. मुलाच्या जागेवर."

"म्हणजे तो किती उरलाय?" रेवतीने विचारलं.

"ते मोजता येत नाही."

"तुम्हा लोकांना सगळं मोजता येतं ना?"

ईशिताने तपासण्यांचे कागद बाजूला सारले. "चकती काढून टाका. ते आख्यान लावू नका. घरी निवांत बसा आणि दोघं मिळून त्याच्याबद्दल बोला. जे शिल्लक असेल ते तरी वाचेल."

रेवतीने ऐकलं. बोलावणी नाकारली. रोज संध्याकाळी खळ्यात बसायची, डोळे मिटायची. श्रीरंग शेजारी बसून बोलायचा: तो असं म्हणायचा, तो तसं करायचा. ती मान डोलवायची. एके दिवशी म्हणाली, "घरी तो येत नाही रे. तिथेच येतो. गादीवर."

"ताई, आहात का?" अशात एकदा दामूअण्णा नारळ-सुपारी घेऊन आले. उत्सवाचं आमंत्रण. बसले, पन्हं घेतलं, इकडचं तिकडचं बोलले.

"उखळाचं लावा, लोकांची मागणी आहे."

"अण्णा, ती आता चकती लावणार नाही," श्रीरंग म्हणाला.

"नका लावू. माझी काही जबरदस्ती आहे होय? पण लोक खांबाकडे बघणार. दिवा दिसला नाही की म्हणणार, ताईंचं आटलं." मग म्हातारा एकदम खालच्या आवाजात बोलला, "आमची ही गेली, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. सगळे म्हणाले, दगड आहे मेला. ताई, तुमच्या त्या हाकेला मी पहिल्यांदा रडलो. परत एकदा ऐकायची आहे, बस्स. पुढच्या उत्सवाला मी असेन-नसेन."

रेवतीने नारळ हातात घेतला.

अण्णा गेल्यावर श्रीरंगचा तोल गेला. "मी पेटी धरणार नाही! अजिबात नाही!"

"मग मी तंबोऱ्यावर करीन."

"चकतीशिवाय कर. ठरलेला हुंदका घे. कोण मरतंय त्याने?"

"देवापुढे खोटी उभी राहू?" ती शांतपणे म्हणाली. "आणि श्रीरंग, मला तो दिसेल रे. एकदाच. मग सोडते."

श्रीरंग गेला. दुसऱ्या कुणी पेटी धरली असती तर हाकेच्या जागी थांबायचं त्याला कसं कळलं असतं? माणसाचं बघा, बुडत्या होडीतही आपलं वल्हं दुसऱ्याच्या हातात देववत नाही.

मांडव गच्च भरला होता, आणि रेवतीच्या गळ्यावर चकती होती. पूर्वरंग झाला, हार-बुक्का झाला, आणि उत्तररंगाला रेवतीने उखळ मांडलं. अतिथी आला. पोर मागितलं. मुसळाचे घाव झांजेवर पडले. पान वाढलं गेलं. अतिथी म्हणाला, हाक मार.

श्रीरंगने पेटी थांबवली. रेवती एक पाऊल पुढे सरली. कपाळावर हात धरला.

"बाळा, ये रे!"

मनात, जिथे कैवू यायचा तिथे, मांडव होता. रांगाच्या रांगा, वर खांबाकडे वळलेल्या माना. तिने त्यांच्यामागे पाहिलं. आणखी माणसं. त्यांच्यामागे दिवे. पावलं कुठेच नव्हती. नाव ठाऊक होतं, लग्नपत्रिकेवरचं एखादं नाव ठाऊक असावं तसं. त्याला चेहरा नव्हता.

"बाळा, ये!" दुसरी हाक. आख्यानात दुसरी हाक नाही.

"कैवू!" ती किंचाळली. "अरे कैवू, कुठे आहेस?"

खांबावरचे दिवे टोकाला भिडले. अगदी वरचा तांबडा दिवा आजवर कुठल्याच कीर्तनात लागला नव्हता. तो लागला, आणि लागूनच राहिला. यंत्र खोटं बोलत नव्हतं. तिचं काळीज, श्वास आणि गळा असे एका दोऱ्यात कधीच आले नव्हते. सारा मांडव ढसढसा रडत होता. श्रीरंग पेटी सोडून उठला, तर दामूअण्णांनी त्याचं धोतर धरून खाली ओढलं. त्यांच्या गालांवरून धारा लागल्या होत्या. "बसा, बसा हो! काय रंगलंय!"

गादीवरून उतरता येत नाही. आख्यान पुरं करावं लागतं. म्हणून रेवतीने ते बाळ धावत आणलं. उंबरठ्यावर अडखळवलं, आईच्या कुशीत टाकलं, देवाला प्रकट केलं आणि आरती म्हटली. तोपर्यंत तांबडा दिवा एकदाही विझला नाही.

मग लोक पाया पडायला आले. एका म्हातारीने तिचे हात हातात घेतले. "आलं हो तुमचं बाळ! आम्ही डोळ्यांनी पाहिलं."

"पाहिलंत?" रेवतीने तिचे हात घट्ट धरले. "कसं होतं हो दिसायला?"

म्हातारीला वाटलं, बाई अजून भावातच आहे. "सोन्यासारखं," ती म्हणाली आणि बुक्का कपाळाला लावून पुढे सरकली.

त्या रात्रीचं ध्वनिमुद्रण कंपनी अजून नमुना म्हणून वाजवते. नव्या कलावंतांना सांगतात, जीव ओतणं म्हणजे काय ते ऐका.

रेवती आता गादीवर उभी राहत नाही. प्रकृती उत्तम आहे, स्वयंपाक करते, देवपूजा करते. आपल्याला मुलगा होता हे तिला माहीत आहे. सकाळी श्रीरंग खळ्यात बसून तिला त्याच्या गोष्टी सांगतो. ती मन लावून ऐकते, एखादं नवं आख्यान ऐकावं तशी. "मग? पुढे काय झालं?" म्हणते. परवा सगळं ऐकून झाल्यावर पदराने हात पुसत म्हणाली, "गोड असणार रे मुलगा."

श्रीरंग उठून विहिरीवर गेला आणि उगाचच पाणी शेंदत बसला.

तोही आता थकलाय. तो गेला की त्या पोराला ओळखणारं कुणी उरणार नाही. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो, ऐका. त्याचं नाव कैवल्य श्रीरंग आठल्ये. डाव्या भुवईवर उंबरठ्यावर पडून झालेली खोक होती. पेटी चालू असली की भात्यामागे गाल धरून वारा घ्यायचा. फणसाचे गरे आवडायचे, पण चीक हाताला लागतो म्हणून आ करून बसायचा, भरवा म्हणून. देवळात गेला की उचलून घ्या म्हणायचा, घंटा वाजवायचा, आणि वाजवून झाल्यावर दोन्ही हातांनी स्वतःचेच कान झाकून घ्यायचा.

एवढंच. देवळातून घरी जाताना एखाद्या लेकराला घंटेपाशी उचलाल, तेव्हा कैवल्य नावाचा एक मुलगा होता, हे आठवा. तिच्यासाठी एवढं करा. तिला ते आता जमत नाही.